आडनाव, वंशावळ आणि थुंकीची नळी: आपलं मूळ नेमकं कशात सापडतं?

गेल्या दिवाळीत आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका रिपोर्टचा फोटो आला. न्यू जर्सीत राहणाऱ्या चुलतभावाने, नळीत थुंकी भरून कंपनीला पाठवायची ती डीएनए टेस्ट करून घेतली होती, रंगीत नकाशा आणि त्यावर टक्के. पाच मिनिटांत काकांचा मेसेज, "मग आपण मूळचे कुठले?" मागोमाग आत्याचा, "यात आपलं कुळ लिहिलंय का?" आणि एका पुतण्याने तर थेट विचारलं की हा रिपोर्ट जोडला तर कुणबी दाखला मिळतो का.

शेवटच्या प्रश्नावर कुणी हसू नये. मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंद हवी म्हणून २०२३ पासून महाराष्ट्रात घरोघरी पणजोबांचा शोध चालू आहे. न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तहसील, शाळा, जुनी दप्तरं उघडली गेली, पन्नास लाखांहून जास्त कुणबी नोंदी सापडल्या, आणि २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटचा, म्हणजे निजामाच्या काळातल्या नोंदींचा, जीआर निघाला. ज्यांनी कधी आजोबांच्या वडिलांचं नाव विचारलं नव्हतं ती पोरं आज मोडी वाचणारा माणूस शोधत फिरतायत. अशा वेळी 'डीएनए टेस्ट करा, मूळ शोधा' अशी जाहिरात मोबाईलवर दिसली की कुणालाही वाटणारच की चला, एका नळीत काम झालं. म्हणून आडनाव काय सांगतं, डीएनए काय सांगतो आणि दोन्हीला काय सांगताच येत नाही, हे नीट सुट्टं करून लिहितोय.

## आडनाव आपण समजतो तितकं जुनं नाही

सुरुवात इथून करू, कारण बहुतेकांचा शोध आडनावापासून सुरू होतो आणि तिथेच चुकतो.

जुने मोडी कागद बघितले तर साध्या माणसाला आडनाव लावलेलं पुष्कळदा दिसतच नाही. 'रामजी बिन खंडोजी, मौजे अमुक' एवढंच. बिन म्हणजे मुलगा, काही कागदांत वलद असतं, तेही तेच. बाई असेल तर 'काशीबाई कोम विठोबा', कोम म्हणजे बायको. माणूस कोण, कुणाचा, कुठल्या गावचा, एवढ्यावर व्यवहार भागायचा. आडनावं होती, नव्हती असं नाही, पण ती घट्ट चिकटली इंग्रजांच्या काळात. शाळेचं रजिस्टर, पलटणीतली भरती, कोर्ट, जमिनीची मोजणी, सगळीकडे एक ठरावीक नाव हवं झालं, आणि त्या दिवशी मास्तरांनी किंवा कारकुनाने जे लिहिलं ते पुढच्या सगळ्या पिढ्यांना लागलं.

त्याआधी आडनाव बदलणं ही फार मोठी गोष्ट नव्हती. नाना फडणवीसांचं घराणं मूळचं भानू, फडणविशी हे काम. पेशवे मूळचे श्रीवर्धनचे भट. होळ गावावरून होळकर. तुकाराम महाराजांचं कुळ मोरे आणि आडनाव आंबिले, म्हणजे एकाच माणसाला दोन ओळखी आणि दोन्ही खऱ्या. बाबासाहेबांचं घराणं सकपाळांचं, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, त्यावरून आंबडवेकर आणि पुढे आंबेडकर. दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशीवरून मंगेशकर लावलं आणि ते नाव जगभर गेलं, पण त्याचं वय जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षं.

मला आडनाव म्हणजे एसटीची पाटी वाटते. पाटीवर एका ठिकाणाचं नाव असतं, पण गाडीत माणसं प्रत्येक थांब्यावर चढलेली असतात, आणि पाटी तर डेपोत बदलताही येते. गाडीतल्या माणसांचा हिशोब पाटीवरून करायला गेलं की गडबड होते.

## 'कर' गाव सोडल्यावर लागतो

कोकण-गोव्यातल्या 'कर' वाल्या आडनावांबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. पेणमध्ये राहणाऱ्या माणसाला पेणमध्ये कोण पेणकर म्हणेल? तिथे सगळेच पेणचे. तो माणूस पेण सोडून दुसऱ्या गावी गेला की तिथले लोक त्याला पेणकर म्हणणार. (खोतकीमुळे किंवा गावच्या मानामुळेही काही ठिकाणी गावाचं नाव लागलं, ते वेगळं.) म्हणजे 'कर' हा बऱ्याचदा स्थलांतराचा शिक्का आहे, आपण त्या गावात होतो आणि तिथून निघालो, एवढंच तो सांगतो. किती वर्षं होतो, त्याआधी कुठे होतो, ते नाही. आणि एकाच गावातून चार जातीधर्मांची चार घरं बाहेर पडली तर चौघंही तेच 'कर' होणार, रक्ताचं नातं शून्य.

हुद्द्यावरून आलेल्या आडनावांचं तर विचारूच नका. पाटील मराठ्यांत आहेत, आगरी-कोळ्यांत, लेवा समाजात, जैनांत, लिंगायतांत, मुसलमानांतही आहेत, कारण पाटीलकी हे गावचं वतन होतं आणि गावं हजारो. कुलकर्णी, देशपांडे, देशमुख, पोतदार, इनामदार, सगळ्यांचं तेच. ब्रिटनमध्ये यावर चांगलं संशोधन झालंय. तिथे स्मिथ म्हणजे लोहार, गावोगाव लोहार, त्यामुळे दोन स्मिथ घेतले तर त्यांचं बापाकडून नातं निघण्याची शक्यता कुठल्याही दोन अनोळखी माणसांइतकीच. उलट दुर्मीळ आडनाव असेल तर त्या आडनावाचे बरेचसे पुरुष खरंच एका पूर्वजाचे निघाले. आपल्याकडेही हाच अंदाज लावायचा, पाटील असाल तर आडनावाचा उपयोग कमी, पंचक्रोशीत चारच घरं असलेलं आडनाव असेल तर जास्त.

आणि वाघमारे, गोडबोले, एकबोटे, कोल्हे, टकले, पोटे ही आडनावं कुणातरी एका माणसाच्या गुणावरून, शरीरावरून किंवा एखाद्या प्रसंगावरून पडलेली. त्यातून पूर्वज सापडत नाही, पण त्याला गाव कसं बघत होतं ते कळतं, आणि मला ते कमी वाटत नाही.

## "पण मोरे म्हणजे मौर्य, चव्हाण म्हणजे चौहान, हे खोटं का?"

हा प्रश्न येणारच. पवार म्हणजे परमार, जाधव म्हणजे यादव, साळुंखे म्हणजे चालुक्य, शेलार म्हणजे शिलाहार, कदम म्हणजे कदंब, अशी मोठी यादी आपण लहानपणापासून ऐकतो. नावांत साम्य आहे, नाकारत नाही. पण मधल्या काळाचे कागद किती आहेत ते बघावं लागतं. मौर्यांचं राज्य इसवी सनापूर्वी १८५ च्या सुमाराला संपलं आणि जावळीचे मोरे इतिहासात ठळक दिसतात ते सोळाव्या-सतराव्या शतकात, मधे सतराशे वर्षांच्या वर अंतर. देवगिरीच्या यादवांचं तसं नाही, ते राज्य चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला बुडालं आणि सिंदखेडचे जाधव सोळाव्या शतकाच्या शेवटी दिसतात, म्हणजे तो दावा त्या मानाने जवळचा. माझं मत असं की हे दावे कुळाची आठवण म्हणून जपावेत, वंशवृक्षाची पहिली फांदी म्हणून नाही.

यापेक्षा जास्त माहिती मला देवकात वाटते. लग्नात देवक बसवतात, कुणाचं कळंब, कुणाचं उंबर, कुणाची पंचपालवी. ज्यांचं देवक एक त्यांच्यात सोयरीक नाही, हा नियम. आडनाव बदललं, गाव बदललं तरी बायका देवक विसरत नाहीत, त्यामुळे दोन वेगळ्या आडनावांची घरं कधीकाळी एक होती का याचा माग काही वेळा देवक आणि कुलदैवत यावरूनच लागतो.

## आता डीएनए, अगदी पहिल्यापासून

आपल्या शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत एक लांबलचक मजकूर असतो, चार अक्षरांत लिहिलेला, साधारण ३०० कोटी अक्षरांचा. तो म्हणजे डीएनए. तो २३ जोड्यांमध्ये गुंडाळलेला असतो, त्या गुंडाळ्यांना गुणसूत्रं म्हणतात. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून, एक वडिलांकडून. कुठल्याही दोन माणसांचा हा मजकूर ९९.९ टक्के सारखाच असतो, आणि ही जी सगळी मूळ-शोधाची गडबड चाललीय ती उरलेल्या त्या एक दशांश टक्क्याची आहे.

आई आणि वडील यांच्याकडे पत्त्यांचा एकेक कॅट आहे असं समजा. दोघंही आपापला कॅट पिसून अर्धे अर्धे पत्ते मुलाला देतात. दुसऱ्या मुलाच्या वेळी परत पिसतात, म्हणून सख्ख्या भावंडांना वेगवेगळे पत्ते मिळतात आणि दोघांचे रिपोर्टही थोडे वेगळे येतात, त्यात काही काळंबेरं नसतं.

आता मागे जा. आईवडील २, आजी-आजोबा ४, पणज्या-पणजोबा ८. पिढी २५ वर्षांची धरली तर शिवकाळापर्यंत साधारण १४ पिढ्या होतात आणि त्या पिढीत आपले पूर्वज झाले १६,३८४. प्रत्यक्षात माणसं एवढी वेगवेगळी नसतात, कारण आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न व्हायची, त्याच त्या घरांत सोयरिकी व्हायच्या, त्यामुळे तोच पूर्वज चार वाटांनी परत येतो. पण मुद्दा तोच, त्या हजारो लोकांपैकी आपलं आडनाव आलं ते फक्त एका माणसाकडून, बापाचा बाप, त्याचा बाप असं सरळ जाऊन. बाकीचे सगळे पाटीवर नाहीत. आणि अजून एक गंमत नसलेली गोष्ट, प्रत्येक पिढीत अर्धे पत्ते गळत गेल्यामुळे इतक्या मागच्या बहुतेक पूर्वजांचा एकही तुकडा आपल्यात उरलेला नसतो. ते आपले पूर्वज आहेतच, पण डीएनएत त्यांचा पुरावा नाही.

## दोन धागे जे पिसले जात नाहीत

या पिसापिशीतून दोन गोष्टी जवळजवळ तशाच्या तशा खाली येतात. एक वाय गुणसूत्र, बापाकडून फक्त मुलाला. दुसरं मायटोकॉन्ड्रिया नावाच्या पेशीतल्या भागाचा छोटासा डीएनए, तो आईकडून सगळ्या मुलांना येतो पण पुढे फक्त मुलीच देतात.

वाय गुणसूत्र आणि आडनाव एकाच वाटेने चालतात, म्हणून आडनावाचा शोध घेणारे वाय तपासतात. पण आपल्याकडे दत्तक घेण्याची मोठी परंपरा, वतन टिकवायचं तर वारस हवाच. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज कागलच्या घाटगे घराण्यात जन्मले, यशवंतराव त्यांचं नाव, १८८४ मध्ये दत्तक जाऊन भोसल्यांच्या गादीवर आले. आडनाव, गादी आणि कर्तृत्व भोसल्यांचं, वाय गुणसूत्र घाटग्यांचं. आता यात त्यांचा वारसा कुठला असं विचारणाऱ्याने वारसा म्हणजे काय ते आधी ठरवावं.

आणि मायटोकॉन्ड्रियाचा धागा, आईची आई, तिची आई, याला तर आडनावच नाही. प्रत्येक पिढीत लग्नात नाव बदललं आणि माग पुसला गेला. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावायचं महाराष्ट्राने ठरवलं ही मला फार मोठी गोष्ट वाटते, पण त्या आधीच्या शेकडो वर्षांच्या बायका कागदावर 'कोम' पलीकडे गेल्याच नाहीत.

## अलिबागजवळचं एक उदाहरण, जिथे पाटी आणि गाडी दोन्ही वाचता आली

हे सगळं एकत्र कसं वाचायचं ते बेने इस्रायल या कोकणातल्या ज्यू समाजावरून सगळ्यात छान कळतं. पेणकर, रोहेकर, किहीमकर, झिराडकर, दिवेकर, नवगावकर, आडनावं ऐकली तर कुणालाही वाटेल अस्सल रायगडची मंडळी. आणि ती आहेतच. घरात मराठी, बायका नऊवारी नेसायच्या, धंदा तेल गाळायचा. फक्त शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. शनिवारची सुट्टी हा ज्यूंचा शब्बाथ. त्यांच्यातली आठवण अशी की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांचं गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. नवसाला, शुभकार्याला ते मलिदा करतात, पोहे, गूळ, खोबरं, आणि एलिया संदेष्ट्याची आठवण.

आता ही नुसती कथा की खरं, यावर पुष्कळ वाद झाले. २०१६ मध्ये त्यांच्या डीएनएचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दोन्ही गोष्टी सापडल्या, मध्यपूर्वेतल्या ज्यूंशी नातं आहे आणि भारतीय वारसाही भरपूर आहे. दोन्हीची सरमिसळ १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झालेली दिसली, म्हणजे ढोबळ मानाने साडेसहाशे ते हजार वर्षांपूर्वी. ज्यू वारसा जास्त करून पुरुषांकडून आलेला आणि स्थानिक वारसा जास्त करून बायकांकडून आलेला.

नीट बघा यात काय झालं. आडनावाने सांगितलं कोकणातली कुठली गावं. आठवणीने सांगितलं समुद्रापलीकडून आलो. डीएनएने सांगितलं दोन्ही खरं, आणि वर एक गोष्ट सांगितली जी आडनावात आणि कथेत नव्हती, त्या समाजाच्या अनेक आद्य आया इथल्याच होत्या. तरीही डीएनएने गलबत कुठल्या साली फुटलं ते सांगितलं नाही, सात जोडपी होती का तेही नाही, कारण सरमिसळ कधी झाली आणि माणसं किनाऱ्यावर कधी उतरली या दोन वेगळ्या तारखा असू शकतात.

गोव्यात उलटं दिसतं. फर्नांडिस, डिसोझा, परेरा ही आडनावं ऐकून परप्रांतातल्या माणसाला वाटतं पोर्तुगीज रक्त असणार. ती नावं बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीकडून किंवा धर्मपित्याकडून मिळालेली. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गोवा, कुमठा आणि मंगळूरच्या रोमन कॅथलिक लोकांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात बहुसंख्य लोक जनुकीयदृष्ट्या गौड सारस्वतांच्या एका जुन्या शाखेच्या जवळचे निघाले. गोव्यातल्या बऱ्याच घरांना आपलं जुनं कामत, पै, प्रभू हे नाव अजून तोंडपाठ आहे, त्यांना यात नवीन काही वाटलं नसणार.

## मग त्या रिपोर्टमधले टक्के कुठून येतात?

थुंकीतून डीएनए काढतात, एका चिपवर त्यातल्या सहा-सात लाख जागा वाचतात, सगळी ३०० कोटी अक्षरं नाही. मग त्या जागा कंपनीकडे आधीपासून असलेल्या लोकांच्या नमुन्यांशी ताडून बघतात. तुमचा हा तुकडा कुठल्या गटाशी जास्त जुळतो, तो टक्का त्या गटाच्या नावावर.

समजा एखाद्याने आयुष्यात फक्त मालवणी आणि गोडा मसाला चाखलाय. त्याला तुम्ही साताऱ्याचा कांदा-लसूण मसाला दिला तर तो काय म्हणेल? थोडा मालवणी, थोडा गोडा. खोटं बोलत नाही तो, त्याच्याकडे तेवढीच चव आहे. परदेशी कंपन्यांकडे युरोपातले नमुने भरपूर आणि आपल्याकडचे कमी, त्यामुळे तिकडच्या माणसाला बारीक प्रांत सांगतात आणि आपल्याला मोघम उत्तर येतं. कॅनडातल्या एका टीव्ही कार्यक्रमाने २०१९ मध्ये एकसारख्या जुळ्या बहिणींचे नमुने पाच कंपन्यांना पाठवले होते, डीएनए एकच असूनही प्रत्येक कंपनीचे टक्के वेगळे आले. म्हणून चुलतभावाच्या नकाशावर दोन टक्के कुठलातरी लांबचा देश दिसला म्हणून काकांनी लगेच त्या देशाचा इतिहास काढून वाचायची गरज नव्हती.

रिपोर्टमधला खरा भरवशाचा भाग वेगळाच असतो, नातेवाइकांची मॅच. सख्ख्या चुलतभावंडांचा साधारण साडेबारा टक्के डीएनए एक असतो, पणजोबा एक असलेली भावंडंही जवळजवळ नेहमी जुळतात. लहानपणी परदेशात दत्तक गेलेल्या भारतीय मुलांना, जी आता चाळिशी-पन्नाशीची झालीयत, आपल्या रक्ताचं कुणी सापडण्याची आशा यातच आहे आणि त्यांच्यासाठी ही नळी खरंच मोलाची आहे. फक्त आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्नं झाल्यामुळे लांबचा माणूसही जवळचा दिसू शकतो, हे लक्षात ठेवायचं.

## डीएनए जात सांगतो का?

पुतण्याच्या प्रश्नाकडे येऊ. सरळ उत्तर, नाही. दाखल्यासाठी लागतात कागद, नोंद, वंशावळ, नातं जुळवून दाखवणं. कुठलंही तहसील थुंकीचा रिपोर्ट मागत नाही आणि मागूही नये.

का नाही, ते समजून घ्या. भारतातले बहुतेक लोक काही जुन्या प्रवाहांच्या मिसळीतून बनलेत, इथले फार प्राचीन शिकारी लोक, इराणच्या बाजूच्या जुन्या लोकांशी नातं असलेला एक प्रवाह, आणि नंतर मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून आलेला एक. २०१९ मध्ये राखीगढीच्या एका हडप्पाकालीन बाईचा डीएनए वाचला गेला, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे त्या कामात पुढे होते, तिच्यात तो गवताळ प्रदेशातला प्रवाह सापडला नाही. २०१३ च्या एका अभ्यासाप्रमाणे भारतातली मोठी सरमिसळ साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाली, उत्तर-दक्षिण, वरचे-खालचे, जवळजवळ सगळे त्यात आले. त्यानंतर हळूहळू दारं बंद झाली आणि जातीतच लग्नं सुरू झाली.

म्हणजे प्रवाह तेच, प्रमाण कमीजास्त. गटांची सरासरी काढली तर फरक दिसतो, पण एका माणसाचा डीएनए हातात घेऊन हा अमुक जातीचा असं शिक्कामोर्तब करता येत नाही. जात समाजाने ठरवली, ती पेशीत लिहिलेली नाही. पुण्यातच काम केलेल्या मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे डीएनए टेस्टच्या कितीतरी आधी हे दाखवत होत्या, की कुंभार म्हटलं म्हणजे एका मुळाचे असं नाही, एकच धंदा करणारे पण वेगवेगळ्या मुळांचे, आपसात लग्न न करणारे गट एका नावाखाली आलेत.

"मग निदान आमचं घराणं तरी शुद्ध ना?" असंही कुणी कुणी विचारतं. नाही. चार हजार वर्षं मागे गेलं की कुणीच नाही. आणि लहान वर्तुळात पिढ्यान्‌पिढ्या लग्नं झाली की काय होतं तेही कळून चुकलंय. २०१७ च्या एका अभ्यासात दक्षिण आशियातल्या अडीचशेहून जास्त गटांपैकी ८१ गट असे निघाले की ते मोजक्या पूर्वजांपासून वाढले, आणि अशा गटांत काही आनुवंशिक आजार जास्त येण्याची भीती असते.

माझ्या मते पूर्वजांच्या डीएनएचा खरा उपयोग इथे आहे. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल आहे, काही समाजांत थॅलेसिमिया आहे, दोन्ही रक्ताचे आनुवंशिक आजार. आई आणि वडील दोघंही वाहक, म्हणजे आजाराचा सदोष तुकडा जोडीतल्या एकाच बाजूला असलेले, असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. वाहक माणूस स्वतः ठणठणीत असतो, त्याला कळतही नाही. लग्नाआधी पत्रिका बघणाऱ्यांनी ही एक रक्ततपासणी करावी असं मला मनापासून वाटतं. जीनोम इंडिया प्रकल्पाने १० हजार भारतीयांच्या जीनोमची, म्हणजे सगळ्या डीएनएची, माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली केली, तिचा मोठा उद्देश आरोग्य हाच आहे.

## नळी पाठवण्याआधी घरात विचारा

डीएनए हा सामाईक सातबारा आहे. एकाने सही केली की बाकीच्या हिस्सेदारांचंही नाव त्यात येतं, त्यांना विचारलं असो वा नसो. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात अनेक वर्षं न सापडलेला खुनी पकडला गेला तो स्वतःच्या टेस्टमुळे नाही, लांबच्या नातेवाइकांनी वंशावळीच्या वेबसाइटवर टाकलेल्या डीएनएमुळे. तो पकडला गेला हे चांगलंच झालं, पण वाट कशी निघते ते कळावं. २३अँडमी ही मोठी अमेरिकन कंपनी, दीड कोटींच्या आसपास ग्राहक, २०२३ मध्ये तिथून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. मग एवढ्या लोकांच्या डीएनएचं काय, हा प्रश्न तिकडच्या कोर्टात गेला. आपल्याकडे डीएनएच्या वापरावरचं विधेयक २०२३ मध्ये संसदेतून मागे घेतलं गेलं, खासगी माहितीचा सर्वसाधारण कायदा त्याच वर्षी आला, पण खास डीएनएसाठी म्हणून कायदा नाही. शिवाय रिपोर्टमधून कधी कधी असं नातं बाहेर येतं जे घरात कुणालाच माहीत नव्हतं किंवा एकालाच माहीत होतं, त्याची तयारी आहे का हेही आधी बघावं.

## कागद आणि माणसं कुठे शोधायची

टेस्ट करायचीच असेल तर करा, पण माझा अनुभव सांगतो की त्याआधीचं काम फुकट आहे आणि जास्त देऊन जातं. तहसीलमध्ये गाव नमुना १४, म्हणजे जुनी जन्म-मृत्यूची नोंद, तिलाच कोतवाल बुक म्हणतात. मराठी शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर, त्यात आजोबांच्या जन्मतारखेपेक्षा त्यांच्या वडिलांचं नाव आणि गाव कसं लिहिलंय ते बघा. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्या, घरचं कुणी कधी यात्रेला गेलं असेल तर तिथे पिढीच्या पिढी लिहिलेली सापडते, गाव आणि कुळ सांगितलं की वही काढतात. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे हेळवी येतात, नंदीबैल घेऊन दारात उभं राहून घराण्याची पिढ्यावार नावं सांगतात, ते आले तर मोबाईलवर रेकॉर्ड करा, हाकलू नका. आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेत, मोडी शिकणं वाटतं तितकं अवघड नाही, काही महिन्यांत अक्षरं लागतात.

या सगळ्या कागदांत एक भोक आहे, बायका. म्हणून मी ग्रुपवर लांबलचक उत्तर लिहायचं सोडून आत्याला फोन लावला आणि फक्त माहेरं विचारली. आजीचं माहेर कोरेगाव तालुक्यातलं, गाव, आडनाव, देवक सगळं आत्याने एका दमात सांगितलं. आजीच्या आईचं माहेर फलटणच्या बाजूला, आडनाव आठवायला तिला दोन दिवस लागले. आणि तिच्याही आईचं? आत्या बराच वेळ गप्प होती. "तिला सगळे थोरली म्हणायचे रे, नाव काय ते कुणी घेतलंच नाही."

आठवड्याने तिचाच उलटा फोन आला. आजी जात्यावर दळताना एक ओवी म्हणायची, त्यात नीरेच्या काठच्या एका गावाचं नाव यायचं, माझ्या आईच्या आईचं अंगण तिथं, अशा अर्थाची. गाव अजून आहे, नकाशावर सापडलं. आत्या म्हणतेय जत्रेच्या वेळी जाऊ, तेव्हा जुनी माणसं गावात असतात.